पान तीनवरची दुरुस्ती

मी, खाली सही करणारा, वय वर्षे अडुसष्ट, धंदा बाजाराच्या बातम्यांचे चार पानी पाक्षिक चालवणे, तोंडावर 'संपादक' आणि पाठीमागे 'किरकिरे' म्हणून ओळखला जाणारा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, पूर्ण शुद्धीत आणि चष्मा लावून लिहीत आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. धास्ती आहे, पण ती माझी स्वतःची आहे. येत्या सोमवारी सकाळी साडेसातला माझ्या हृदयाची एक झडप बदलणार आहेत. मोठे डॉक्टर म्हणाले, "काळजीचं काही कारण नाही," आणि हे म्हणताना ते माझ्याकडे न बघता खिडकीबाहेर बघत होते. घरी येऊन मी कागद काढला.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. कोणी जुना कागद पुढे केलाच तर तो खोटा समजावा. या मजकुरात ऱ्हस्व-दीर्घाची चूक सापडली तर त्यावरून माझे डोके ठिकाणावर नव्हते असा अर्थ काढू नये. मी तो चार वेळा तपासला आहे. पाचव्यांदा बसलो तेव्हा पत्नीने कागद ओढून घेतला.

कलम १. स्टेशनरीच्या दुकानावरच्या माझ्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, तसेच बँकेतल्या ठेवी, माझ्या पत्नीला (यापुढे 'ही') मिळाव्यात. याशिवाय ज्या वस्तूचा उल्लेख करायला मी विसरलो असेन तीही हिचीच. बाल्कनीचा कठडा हलतो, मिस्त्रीला तीनदा निरोप दिला आहे, तोवर कोणी टेकू नये. पाण्याच्या टाकीचा खटका आधी वर आणि मग डावीकडे करायचा असतो. गॅस बंद केल्यावर पुन्हा एकदा बघावा. हे मोठ्याने वाचून दाखवले तेव्हा ही म्हणाली, "अहो, पस्तीस वर्षं गॅस मी बंद करतेय. तुम्ही नुसते मागून येऊन बघताय." ते खरे आहे. तरी कलम ठेवतो.

कलम २. पाक्षिकाची नोंदणी माझ्या नावावर आहे, व्यापारी संघाच्या नाही. संघाच्या अध्यक्षांना हे पक्के माहीत आहे, तरी ते चारचौघांत 'आपलं पत्रक' म्हणतात. सदर पाक्षिक, त्याचा संगणक आणि वर्गणीदारांची यादी मी झेरॉक्सवालीला देत आहे. गेली अकरा वर्षे तीच पाने लावते आणि माझी कटकट ऐकते. तिला काही सूचना आहेत. मंगळवारी नगरपालिकेत चौकातल्या एकेरी वाहतुकीवर सुनावणी आहे. अर्धा बाजार बाजूने आहे आणि अर्धा विरुद्ध, तेव्हा कोणाच्याही शेजारी बसू नये, दाराजवळ उभे राहावे. वाचनालयाच्या नव्या दालनाची फीत नक्की कोणी कापली हे तिघांना विचारून मगच छापावे. बस थांब्याच्या छपराचे उद्घाटन दोनदा झाले आहे, तिसऱ्यांदा बोलावले तर जाऊ नये. निधनाची बातमी घरी फोन केल्याशिवाय लावू नये. माझी लावायची वेळ आली तर ती पान चारवर, एका चौकटीत, फोटोशिवाय. 'झुंजार' हा शब्द घालू नये. मी कधी झुंजलो नाही, बसून प्रुफे तपासली.

कलम ३. फीत कापायची कात्री. या शहरात गेल्या तीस वर्षांत जेवढी दुकाने उघडली त्यांतल्या निम्म्या ठिकाणी फीत होती, पाहुणे होते, ध्वनिक्षेपक होता आणि कात्री नव्हती. म्हणून मी ती पिशवीत बाळगू लागलो. सदर कात्री मी संघाच्या अध्यक्षांना, म्हणजे रंगाच्या व्यापाऱ्यांना देत आहे. प्रत्येक कार्यक्रमात ते पाहुण्यांच्या हातातून ती अलगद काढून घेतात आणि फोटोग्राफरकडे बघून हसतात. त्यांना इतकी हौस आहे तर घरी न्यावी. आमचे भांडण एवढेच आहे आणि ते मिटले असे मी जाहीर करतो.

कलम ४. आजपर्यंतच्या अंकांचे बांधीव खंड वाचनालयाला द्यावेत. त्यांत एक अंक नाही. तो मी काढून ठेवला आहे. का, ते पुढच्या कलमात लिहितो.

कलम ५. मला एक धाकटी बहीण आहे. एकोणीस वर्षांपूर्वीपर्यंत पाक्षिकाची प्रुफे तीच वाचायची. तिची नजर अशी की, छापखान्याचे मालक तिला 'भिंग' म्हणत. तिच्या नवऱ्याचे, म्हणजे आमच्या मेहुण्यांचे, चौकात सायकलींचे दुकान होते. विक्री आणि दुरुस्ती दोन्ही. त्या वर्षी शाळा सुरू व्हायच्या तोंडावर त्यांनी शेजारची खोली घेतली, मधली भिंत पाडली, नव्या सायकली मांडल्या. आनंदाची बातमी. मी ती पान तीनवर घेतली आणि मथळा दिला : 'चौकातील सायकलवाल्यांनी दुकान वाढवले'.

मराठी माणसाला पुढचे सांगायला नको, पण कायद्याच्या कागदात सगळे लिहावे लागते. दुकान बंद केले असे म्हणायला आपली जीभ रेटत नाही, म्हणून आपण 'दुकान वाढवले' म्हणतो. संध्याकाळी कुलूप लावतानाही तेच आणि कायमचे टाळे लागले तरी तेच. अंक शुक्रवारी वाटला. शनिवारी सकाळी दुकानासमोर ही रांग! मेहुणे खूश, त्यांना वाटले नव्या खोलीचा पायगुण. लोक दुरुस्तीला टाकलेल्या आपापल्या सायकली सोडवून न्यायला आले होते. तिसऱ्या की चौथ्या गिऱ्हाइकाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवून विचारले, "आता पुढं काय करणार?" तेव्हा त्यांच्या लक्षात आले. माल घेऊन येणारा टेम्पो वाटेतूनच परत फिरला होता. तो महिना वर्षाच्या कमाईचा असतो. गिऱ्हाईक स्टेशनकडच्या दुकानात गेले ते गेले. पुढच्या वर्षी मेहुण्यांनी खरोखरच दुकान वाढवले.

ते सोमवारीच माझ्याकडे आले होते. म्हणाले, "दोन ओळींची दुरुस्ती छापा. पुढच्या अंकापर्यंत थांबू नका, चिठ्ठी छापून वाटा." मी म्हणालो, "शब्द बरोबर आहे. लोकांना मराठी कळत नाही त्याला मी काय करू?" ते म्हणाले, "तुमच्या बहिणीनं प्रुफावर खूण केली होती म्हणे." आणि मी म्हणालो, "मला तर कुठली खूण दिसली नाही. तिच्या नजरेतनं सुटलं असेल."

हे खोटे होते. इथे, मृत्युपत्रात, मी ते कबूल करतो. खूण होती. शब्दाभोवती तांबडा गोल आणि समासात तिच्या अक्षरात एक ओळ. त्या एका पानावर तिने माझ्या नऊ चुका काढल्या होत्या. आठ मी निमूट दुरुस्त केल्या. नवव्या वेळी माझे डोके फिरले. संपादक कोण, मी की ती, असे मनात आले आणि पान तसेच छपाईला सोडले. एवढेच कारण आहे. याहून मोठे कारण असते तर मला लिहायला बरे वाटले असते.

मेहुण्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. बायकोला ते कधी टाकून बोलले नाहीत. पण घरात कागद आला, विजेचे बिल असो की औषधाची चिठ्ठी, तिने हात पुढे केला की ते म्हणतात, "राहू दे, मी बघतो." हे मला हिच्याकडून कळते, कारण दोघी अजून बाजारात भेटतात. माझ्या घराची पायरी बहीण एकोणीस वर्षांत चढलेली नाही. मेहुणे आता नगरपालिकेच्या वाहनतळावर पावत्या फाडतात. मी स्कूटर तिथे लावत नाही. लांब लावतो आणि चालत येतो.

म्हणून, चौकातला माझा गाळा, जिथे पाक्षिकाचे कार्यालय आहे, तो मी माझ्या बहिणीला व मेहुण्यांना देत आहे. तेथे सायकली ठेवाव्यात. कपाटाच्या खालच्या खणात ते प्रूफ आहे, तेही माझ्या पश्चात बहिणीला द्यावे. आणि पाक्षिकात, पान तीनवर, त्याच मथळ्याच्या आकारात छापावे : 'दुरुस्ती. चौकातील सायकलींचे दुकान बंद झाले नव्हते, मोठे झाले होते. प्रूफ वाचणाऱ्या बाईंनी चूक वेळेवर दाखवली होती. संपादकाने ती मुद्दाम दुरुस्त केली नाही आणि नंतर खोटे सांगितले.'

कलम ६. येथवर गुरुवारी लिहून झाले होते. पुढचे आज, शनिवारी लिहीत आहे.

काल सकाळी हिने पाचवे कलम वाचले. संध्याकाळपर्यंत घरातली कामे उरकली. मग म्हणाली, "हे सगळं तिनं तुम्ही गेल्यावर वाचायचं?"

"हो. मृत्युपत्र तसंच असतं."

"आणि वाचलात तर?"

आठवडाभर मरणाची धास्ती होती. आता सोमवारी जगलो तर काय, याची धास्ती वाढली. शुद्धीवर आलो की हा कागद कपाटात जाणार, आणखी दहा वर्षे मी स्कूटर लांब लावणार आणि तिकडे बहीण हात मागे घेणार. इतका भित्रा माणूस मी बाजारात दुसरा पाहिलेला नाही. मी म्हणालो, "तिला फोन कर." ही म्हणाली, "सकाळीच केलाय."

आज अकरा वाजता दोघे आले. वकीलसाहेब कागद तपासायला आणि आमचे नेहमीचे डॉक्टर साक्षीच्या सहीसाठी बसलेलेच होते. बहिणीने चहाला नको म्हटले आणि कागद मागितला. वाचताना तिचे बोट ओळीखालून सरकत होते. मी उभाच होतो. डॉक्टर म्हणाले, बसा, तर म्हणालो, बसवत नाही. वाचून झाल्यावर ती म्हणाली, "प्रूफ कुठंय? मरेपर्यंत कशाला थांबायचं, आत्ता दे." कालच गाळ्यातून आणून ठेवले होते, ते दिले.

तिने ते मेहुण्यांपुढे ठेवले. त्यांनी चष्मा काढून पुसला, घातला, बघितले. मग कागद तिच्याकडे सरकवून म्हणाले, "हे बाजूला काय लिहिलंय? वाच."

"चष्मा आहे की तुमच्याकडं."

"असू दे. तू वाच."

ती वाचायला लागली, "दादा, लोक बंद झालं असं समजतील..." आणि थांबली. मेहुणे म्हणाले, "पुढं वाच." तिने पुढे वाचले, "विस्तार केला, असं कर." एवढीच ओळ आहे. मेहुण्यांनी मान खाली घातली. माझ्याकडे त्यांनी बघितले नाही, आणि बघितले असते तर मला सहन झाले नसते.

मी म्हणालो, "चुकलो मी."

बहीण म्हणाली, "एवढं बोलायला तुला काळजाची झडप बिघडावी लागली होय रे!"

दुरुस्ती माझ्या पश्चात नव्हे, याच शुक्रवारी छापायची असे मी झेरॉक्सवालीला फोनवर सांगितले. तिने मजकूर दोनदा म्हणून घेतला. दुसऱ्या साक्षीदाराच्या सहीसाठी तिलाच इथे यायला सांगत होतो, पण वकीलसाहेबांनी मोडता घातला. ज्याला या कागदाने काही मिळते त्याने साक्षीदार व्हायचे नसते, झाला तर त्याचे मिळणे रद्द होते. वकीलसाहेब स्वतः अशिलाच्या कागदावर साक्षीदार होत नाहीत, तेव्हा दुसरा आणायचा कुठून म्हणून मी घायकुतीला आलो, खालच्या स्टेशनरीवाल्याला हाक मारायला निघालो.

"मी करते सही," बहीण म्हणाली.

वकील म्हणाले, "ताई, तुम्ही सही केलीत तर गाळा जाईल. तुमचाही आणि यजमानांचाही."

"कळलं मला. पेन द्या."

मी म्हणालो, "अगं, असं नको करूस. गाळा घे. तेवढं तरी घे."

"गाळा घेतला की तू मोकळा," ती म्हणाली. "मला तुला मोकळं नाही करायचं." तिने मेहुण्यांकडे बघितले. त्यांनी मान हलवली. तेव्हा गाळा कलम १ प्रमाणे हिच्याकडे जाईल, हे मी नाइलाजाने नमूद करतो.

वरील मजकूर मी वाचला, मला तो मान्य आहे. तो लिहिताना मी घाबरलेलो होतो आणि अजूनही आहे, मात्र माझे भान शाबूत आहे.

स्थळ : राहते घर, जेवणाचे टेबल
दिनांक : ९, शनिवार, दुपारी पावणेएक

लिहून देणार : (सही)

साक्षीदार पहिला : (सही) कुटुंबाचे डॉक्टर. लिहून देणाऱ्यांनी माझ्यासमोर सही केली. मन ठिकाणावर आहे. रक्तदाब ठीक आहे.

साक्षीदार दुसरी : (सही) लिहून देणाऱ्याची धाकटी बहीण. सगळा मजकूर वाचला, चूक सापडली नाही. सही वाचल्याची आहे, माफ केल्याची नाही. सोमवारी सात वाजता दवाखान्यात आम्ही दोघे येतो.