पत्र्याच्या दोन खोल्या

प्रिय चिमणे,

परवा फोनवर तू माझ्यावर चांगलीच उखडलीस. शाळेच्या त्या जुन्या खोल्या पाडू देऊ नकोस, तुझा शब्द मुख्याध्यापिका मोडणार नाहीत, असं बजावलंस आणि फोन ठेवलास. मला तोंड उघडू दिलं नाहीस, म्हणून हे कागदावर.

आपलं उपनगर तेव्हा नुसतं नावाला होतं. बस शेवटच्या थांब्यावर उतरवून देई, पुढे सगळा चिखल. सरकारने हायस्कूल मंजूर केलं, पण दिलं काय, तर पत्र्याच्या दोन खोल्या आणि आम्ही चार शिक्षक. एकीत आठवी आणि ऑफिस. दुसरीत मधोमध पडदा. अलीकडे माझी नववी, पलीकडे तुझ्या बाबांची दहावी. ते भूमिती शिकवताना असे रंगात येत की माझी पोरं इतिहास सोडून त्यांच्याच प्रश्नांची उत्तरं देत. मी दटावलं की पलीकडे दहावी खिदळे. आमचं जमतंय हे आमच्याआधी त्या कार्ट्यांना कळलं होतं!

पुढे वस्ती वाढली, दोन पाळ्या लागल्या, आणि पडद्याच्या जागी भिंत आली. आम्ही खूश. पण पुढच्या वर्षी दहावीचा भूमितीचा निकाल धाडकन घसरला. नववीत फुकट कानावर पडलेलं दहावीत कामी येत होतं, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. बाबांनी हट्टाने त्या कोऱ्या भिंतीला खिडकी पाडून घेतली. तपासणीला आलेल्या साहेबांनी कपाळावर हात मारला.

आता तीन मजली इमारत आहे, प्रयोगशाळा आहे, हजारावर मुलं आहेत. भाजी आणायला गेले तरी चार विद्यार्थी भेटतात, त्यातले दोन आजोबा झालेत. गुडघे सोडले तर माझी कसलीच तक्रार नाही.

फक्त अकरावी-बारावी अजून इथे नाही. त्यासाठी दोन बस बदलून शहरात जावं लागतं. खालच्या शिंप्याची लेक एवढी हुशार, पण घरच्यांनी पाठवलं नाही. आता मशीनवर बसते. नव्या वर्गांना जागा एकच उरली आहे, त्या खोल्यांची.

म्हणून काल मी खुशाल पाडा, असं सांगून आले. तुला तिथे बाबा दिसतात, मग मला दिसत नाहीत का गं? पण आज ते असते, तर त्यांनी आधी विचारलं असतं, वर्ग किती वाढणार? शनिवारी काम सुरू होईल. मी जाणार आहे, पण एकटीने बघवणार नाही. रागावलेली असलीस तरी ये.

तुझीच,
आई