लिंकचा पाडा

मंगळवार, दिवे लावून झाल्यावर

दुपारी ह्यांच्या फोनवर मेसेज आला. ‘संध्याकाळपर्यंत खालची लिंक दाबून माहिती भरा, नाहीतर नंबर बंद.’ हे जाऊन तीन वर्षं झाली, पण नंबर मी चालू ठेवलाय. तोही गेला तर?

रानशेतच्या डोंगरपाड्याहून नणंद जानू आलेली. म्हणाली, “वहिनी, दाब पटकन! कंपनीचं नाव आहे की त्यात.”

होतं खरं. पण मी गोळ्यांच्या पाकिटांवरून इंग्रजी अक्षरं शिकले, मला पटकन काही जमत नाही. लिंकवर बोट ठेवून वाचलं. आधी कंपनीचं नाव, मग टिंब, शेवटी भलत्याच कोणाचं तरी नाव. रिचार्जच्या जुन्या मेसेजात शेवटी कंपनीच होती.

दारात अनोळखी माणूस आला की हे विचारायचे, “नाव राहू दे, पाडा कुठला?” एका नावाचे दहाजण असतात, माणूस पाड्यावरून कळतो. ह्या लिंकचा पाडा वेगळाच निघाला. नाही दाबली.

“घालवलास दादाचा नंबर!” जानू फुगून बसली.

अंधार पडला तसा मला धीर धरवेना. तिला म्हटलं, तुझ्या फोनवरून ह्यांचा नंबर लाव. माझ्या मांडीवरच्या फोनात ह्यांनीच रिंगटोन म्हणून ठेवलेला तारपा वाजला. चालू होता!

मी उचलला आणि दरडावून विचारलं, “नाव राहू दे, पाडा कुठला?”

समोरच बसलेली जानू खो खो हसली. मग फोन कानाला तसाच धरून म्हणाली, “डोंगरपाडा, दादा.”

दोघींपैकी कोणीच लवकर फोन ठेवला नाही.