जिन्यावरची फळी

३ जानेवारी, शनिवार

फळी बसली एकदाची! माझ्या लेकानं, शिवराजनं, जुन्या कपाटाचं दार कापून गच्चीच्या तोंडाशी, जिन्याच्या सगळ्यात वरच्या पायरीवर लावलं. दोन्हीकडं खाचा केल्यात. वर ओढली की निघते, सोडली की बसते. काळी वरून टुणकन उडी मारते, पिल्लांना मात्र जमत नाही.

काळी म्हणजे आमच्या गल्लीतली कुत्री. नोव्हेंबरच्या थंडीत गच्चीवर चढली नि आमच्या चुलीमागं व्याली, उबेला. मी हाकलणार होते, पण आरोहीनं असं भोकाड पसरलं की माझं काही चाललं नाही. सात वर्षांची नात, पण अख्ख्या घराला नाचवते! दोन पिल्लं — पांढरा बत्तासा नि तपकिरी खारीक. बत्तासा लई आगाऊ. भाकरीचा वास आला की पायात येतो.

५ जानेवारी, सोमवार

जनावरांचे डॉक्टर येऊन बघून गेले. म्हणाले, "पिल्लू चढायला आधी शिकतं, उतरायला मागनं. खाली किती खोल हाय ते त्याला कळत न्हाय. जपा." आमचा जिना तर चौदा पायऱ्यांचा, गुळगुळीत शहाबादी फरशी, एका बाजूला कठडाच नाही. मी घरात कायदाच केला — ज्यानं फळी काढली त्यानंच लावायची, तवाच्या तवा! 'आत्ता येते की' चालायचं नाही.

दाक्षायणीनं, माझ्या सुनेनं, नुसती मान हलवली. अक्कलकोटची पोर, बोलणं कमीच. मला 'अत्ती' म्हणते, त्यांच्या कानडीत सासूला म्हणतात तसं. गच्चीवर पत्र्याखाली चूल. मी भाकरी थापते, ती भाजते, कडक झाल्या की मी डालग्यात भरून विकायला खाली नेते. नऊ वर्षं असंच चाललंय.

८ जानेवारी

फळीवरून आरोहीला दोनदा ओरडले, शिवराजला एकदा. "आई, तुझी फळी म्हणजे बॉर्डर झालीय," म्हणाला. हसू दे.

१० जानेवारी, शनिवार

संक्रांतीची गड्ड्याची जत्रा तोंडावर आली. ऑर्डरी नुसत्या कोसळतायत. उद्या दुपारच्या गाडीनं पुण्याला दोनशे भाकरी पाठवायच्या. खांदे भरून आलेत.

११ जानेवारी, रविवार

बत्तासा जिन्यावरनं पडला. दाक्षायणीनं फळी लावली नव्हती.

१३ जानेवारी, भोगी

सकाळी बत्तासा गेला. मणकाच मोडला होता. डॉक्टर म्हणाले, सुटला बिचारा. दोन दिवस नुसता पुढच्या पायांवर सरकत होता. काळीजवळ नेला की शेपूट हलवायला बघायचा, ती हलायची नाही.

शिवराज बायकोवर चिडला. "एवढी साधी फळी! आई रोज कानीकपाळी ओरडते, तरी?" दाक्षायणी म्हणाली, "व्हय. माझंच चुकलं." एवढंच. आरोही आईकडं बघून ओरडली — "तू मारलंस त्याला!"

मी तिथंच होते. भोगीच्या भाजीचे वाटाणे सोलत होते. सोलतच राहिले.

१६ जानेवारी, शुक्रवार

आरोही आईला केसांना हात लावू देत नाही. आज शाळेच्या वेळेला माझ्यासमोर येऊन बसली, "आजी, तू घाल वेण्या." मी घातल्या. दाक्षायणी दारात फणी घेऊन उभी होती, मग फणी कोनाड्यात ठेवून वर गेली.

ताटही आईच्या हातचं घेत नाही. आईशेजारी झोपत नाही. रात्री माझ्या गोधडीत शिरते, गळ्यात हात टाकते. मला तो हात सोसत नाही.

१८ जानेवारी, रविवार — अमावस्या

परवा — नाही, अकरा तारखेला — मी इथं खोटं लिहिलं. ही वही कोण वाचतंय? तरी खोटं लिहिलं! काय बाई मी!

फळी मी काढली होती.

शेवटचं डालगं होतं. गाडीची वेळ झालेली, शिवराज खालून हाका मारत होता. फळी ओढून भिंतीला टेकवली, डालगं उचललं, दोन्ही हात गुंतले. लावायची तर डालगं परत खाली ठेवायला पाहिजे. म्हटलं, आत्ता येते की. माझंच वाक्य, जे मी कुणालाच बोलू देत नव्हते. खाली गेले तर गाडीवाला घाई करायला लागला, डालगी मोजली, दोरी बांधली. तेवढ्यात आवाज आला. भाकरीच्या वासानं माझ्या मागनं आला असणार बाळ.

शिवराज धावला, "फळी कुणी उघडी टाकली?" म्हणाला. आणि मी वर बघितलं. गच्चीच्या तोंडाशी दाक्षायणी येऊन उभी राहिली होती. मी नुसतं तिच्याकडं बघितलं. तेवढं पुरलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण — दुसरं काय!

उद्या सांगते.

१९ जानेवारी

नाही सांगितलं.

२० जानेवारी, मंगळवार

आजही नाही. शिवराज समोर होता. मग नव्हता, तरी नाही.

शेजारची अंबुबाई पीठ मागायला आली. म्हणाली, "शांतक्का, आजकालच्या पोरींचं ध्यानच नसतंय बघ. मुकं लेकरू गेलं की." मी "हं" म्हणाले. दाक्षायणी आतच होती, तिनं ऐकलं. ते खोटं लिहिण्यापेक्षा हे 'हं' मला जास्त लागलंय. साठीला आले, सगळ्या गल्लीला शिस्त लावते, आणि सुनेच्या तोंडावर असं! लाज वाटते मला.

काळी अजून दिवसातनं चारदा जिन्याच्या खालच्या पायरीशी हुंगते.

२२ जानेवारी, गुरुवार

शाळेतनं आरोहीच्या बाईंचा फोन आला. चित्रात घर काढलंय — बाबा, आजी, काळी, दोन पिल्लं. आई काढलीच नाही. बाईंनी विचारलं तर म्हणाली, "ती न्हाय."

दाक्षायणीनं फोन ऐकला. परातीत पीठ घेतलं, पाणी घालायचं विसरली, कोरडंच मळत बसली.

बास झालं. उद्या नाही, म्हणजे कधीच नाही.

२३ जानेवारी, शुक्रवार

सांगितलं. सकाळीच, गच्चीवर, चुलीपाशी. आरोही खारीकला घेऊन मधे बसली होती. "फळी मी उघडी टाकली. तुझ्या आईनं न्हाय, मी. आणि मी गप्प बसले." आरोही उठून आईच्या पाठीला जाऊन चिकटली.

दाक्षायणीनं मागं वळून तिचा हात धरला. म्हणाली, "मला म्हाईत हाय, अत्ती. तुमी डालगं घेऊन उतरला तवाच मी फळी बघितली, उघडी होती. बत्तासा तिकडं निघालेलापण बघितला. तव्यावर भाकरी होती. उठले तर करपंल म्हणून बसून राहिले. 'माझंच चुकलं' म्हणाले ते तुमच्यासाठी न्हाय. माझंपण चुकलं होतं."

तव्यावरची भाकरी करपत गेली, धूर झाला. दोघींतलं कुणीच उठलं नाही.