ताईच्या नावाची पातळ जेली

तीर्थरूप इमोजीनताईस, धाकट्या डोव्हीचा नमस्कार.

ताजी बातमी अशी की मंगळवार दुपारपासून तू हयात नाहीस. पास्टर टेटम यांनी जातीने घरी येऊन खात्री करून घेतली, त्यामुळे गावात आता कोणाला शंका नाही. बाकी तुझी तब्येत बरी असेल, ऑपरेशन झालेला गुडघा वाकत असेल आणि ओहायोत लेकीच्या शेजारपाजारचे लोक बर्फाच्या चहात साखर घालायला शिकले असतील, अशी आशा आहे. इकडे अलाबामात उकाडा आहे तसाच.

हे घडलं तुझ्या जेलीपायी. जाताना तू ती माझ्या गळ्यात घातलीस आणि फोनवर कृती सांगितलीस: पिकलेले पीच, ‘पुरेशा’ मिरच्या आणि ‘झालं की उतरव’. (इतक्या बारकाईने लोक पूलसुद्धा बांधत नाहीत.) चर्चच्या होमकमिंगच्या, म्हणजे वार्षिक मेळाव्याच्या, जेवणात क्रीम चीजवर ही जेली ओतलेली आईची ताटली टेबलाच्या अगदी तोंडाशी असते, आणि क्लॉडेटवहिनीचा आपल्या घरात आल्यापासून त्या जागेवर डोळा आहे. तिथे तिला मेयोनीजमध्ये बुडवलेलं गाजर मांडायचं आहे. एक वर्ष जेली चुकली की ती जागा गेली. आपल्या चर्चमध्ये टेबलावरून मागे सरकलेली ताटली पुन्हा पुढे आलेली मी तरी पाहिली नाही.

तर आमच्या रॉयसने टोपलीभर पीच आणले. म्हणाला, “रोज रोज कोण घाट घालणार? एकदाच दुप्पट कर.” जेली घट्ट करणाऱ्या पेक्टिनच्या पुडीवर दुप्पट करू नका असं ठळक छापलेलं असतं, पण पुडी वाचणं नवऱ्यांच्या धर्मात बसत नाही. मी केली दुप्पट. ती बसेना, घट्टच होईना, म्हणून उकळत राहिले. एसीसाठी खिडक्या बंद, घरभर मिरचीचा ठसका. मिरच्या चिरताना रॉयसने हातमोजे घातले नव्हते (ते बायकांसाठी असतात), मग त्याच हाताने डोळा चोळला आणि तोंडावर ओला टॉवेल घेऊन हुंदके देत बसला. माझ्याही डोळ्यांना धारा.

नेमके तेव्हा पास्टरसाहेब आले. तिसऱ्या श्वासाला तेही रडू लागले. हळूच म्हणाले, “इमोजीन?” मला बोलता येत नव्हतं. पातेल्याकडे बघत मी मान डोलावली, कृती तुझीच ना. तू गुडघ्यामुळे चर्चच्या प्रार्थनेच्या यादीत होतीसच, त्यामुळे त्यांना फार विचार करावा लागला नाही.

माझा घसा मोकळा झाला तेव्हा संध्याकाळ झाली होती. तोवर ओट्यावर लोकांनी आणलेले ओव्हनमधले सात कॅसरोल, दोन ॲपल-पाय आणि एक अख्खं हॅम होतं. दुखवट्याचं हॅम परत कसं करायचं असतं, हे आईने आपल्याला शिकवलेलं नाही.

शेवटी क्लॉडेट आली. तिने बाटली उचलली, आडवी केली. जेली सरबतासारखी या टोकाहून त्या टोकाला गेली. म्हटलं, संपलं. तर वहिनी माझ्या गळ्यात पडली. “डोव्ही, बाई गं, तिच्या नावाने केलीस ना? यंदा ती जागा इमोजीनचीच. माझं गाजर मी मागे ठेवते.” पातळपणाबद्दल चकार शब्द नाही. तू होतीस तोवर हीच बाई तुझ्या जेलीला दगड म्हणायची.

तुझी शोकाकुल,
डोव्ही

ता. क. रविवारी होमकमिंग उरकून संध्याकाळ होईपर्यंत गावात कोणालाही फोन करू नकोस. सोमवारी मी पास्टरसाहेबांना सगळं सांगणार आहे. निदान रॉयसला पाठवणार आहे.

ता. क. अजून एक पुडी घालून पुन्हा उकळली तर जेली बसते म्हणे. बसवू का? रॉयसच्या मते आता घट्ट झाली तर संशय येईल.

ता. क. जेवणाआधी वर्षभरात गेलेल्यांची नावं वाचतील आणि प्रत्येकासाठी एकदा घंटा वाजेल. तुझ्या घंटेचा मान क्लॉडेटने मागून घेतला आहे. रविवारी दुपारी उचकी लागली तर घोटभर पाणी पी आणि गप्प बस.