पंखा तर फिरत होता

बाबा, पंखा तर फिरत होता, आणि त्यामुळेच सगळा घोळ झाला. तो बंद पडला असता तर मी तासाभरात मोकळी झाले असते. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली, तेव्हा आधी हे सांगायला हवं की तुमची मुलगी आता मोटारसायकल चालवते. हसू नका. कॉलेजच्या प्रयोगशाळेतली नोकरी, घरापासून अमरावतीच्या दुसऱ्या टोकाला कॉलेज, आणि ऑटोवाल्यांशी रोज हुज्जत घालण्यापेक्षा हे बरं, म्हणून पन्नाशीला टेकताना मी गाडी घेतली. हिचं इंजिन पाण्यानं गार ठेवतात. समोर एक छोटा रेडिएटर आहे आणि त्याच्या मागे पंजाएवढा पंखा. गाडी पळत असली की वारा आपोआप रेडिएटरमधून आत शिरतो. गाडी उभी राहिली आणि पाणी तापलं की पंखा सुरू होतो आणि समोरची हवा ओढून घेतो. म्हणजे कुलरच म्हणा, वाळ्याच्या ताट्या नसलेला. अकोल्याच्या दुकानात तुम्ही आयुष्यभर कुलरच्या मोटरी भरल्या, जळालेली तार काढून नवी गुंडाळली, त्यामुळे हे तुम्हाला समजावून सांगताना मलाच कसंतरी होतंय.

एप्रिलमध्ये राजकमल चौकात ट्रॅफिकमध्ये अडकले आणि गाडी तापल्याचा लाल दिवा लागला. पुढे रस्ता मोकळा मिळाल्यावर दिवा विझला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, तिसऱ्या दिवशी पुन्हा. मेकॅनिककडे नेली. त्यानं गाडी उभ्या उभ्या चालू ठेवली, थोड्या वेळानं पंखा घरघरला, आणि तो हात पुसत म्हणाला, "म्याडम, पंखा तं फिरून राहिला. सेन्सर बी ओके हाये. आता इंजिनाचं हेड खोला लागते." मी त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि मला खात्रीच पटली की हा मला बाई म्हणून बनवतोय. गाडी तशीच घेऊन परत आले. घरी फ्यूज बघितला, रिले बदलून बघितला, पाण्याची पातळी बघितली, पंखा थेट बॅटरीला जोडून बघितला. फिरतोय. सगळं ठीक आहे आणि गाडी मात्र तापते आहे. तुमचे जावई दारात उभे राहून म्हणाले, "आता पोलिसात तक्रार दे पंख्याची." मी त्यांच्याशी दोन दिवस नीट बोलले नाही.

हा संशयी स्वभाव माझ्या एकटीचा नाही, हे तुम्हाला मान्य करावं लागेल. दुकानातून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक मोटरच्या स्क्रूवर तुम्ही लाल रंगाचा ठिपका द्यायचात, कुणी मध्ये उघडली तर कळावं म्हणून. गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं की आधी चष्मा लावून ठिपका बघणार, मग त्याचं ऐकणार. मी तेच करते, फक्त माझा ठिपका नेलपॉलिशचा. तर त्या रात्रीच्या जेवणाआधी मी गाडीचे सगळे ठिपके तपासले, आणि टाकीच्या बाजूच्या कव्हरचा एक ठिपका तडकलेला निघाला. मी ते कव्हर दिवाळीनंतर उघडलं नव्हतं. जानेवारीत गाडी आठ दिवस तुमच्या धाकट्याकडे होती. त्याच्या सासुरवाडीला हिवरखेडला लग्न होतं, तिकडे फिरायला हवी म्हणून तो अकोल्याहून येऊन घेऊन गेला होता. परत आणून दिली तेव्हा धुऊनपुसून, पेट्रोल भरून दिली. तेव्हा मला कौतुक वाटलं होतं. आता तेच मला खुपायला लागलं. एवढी चकचकीत करून कुणी उगाच देतं का?

मी फोन लावला. "गाडी उघडली होतीस?" तो म्हणाला, "आवाज येऊन राहिला होता ताई, कव्हरचे स्क्रू कसले फक्त. दुसरं म्या काईच नाई केलं." मी म्हटलं, "तुला लहानपणापासून सवय आहे, हात लावायचा आणि नाही म्हणायचं." हे मी का बोलले ते मला माहीत नाही. बोलत गेले. घड्याळ, रेडिओ, आईचा मिक्सर, त्यानं चाळीस वर्षांत बिघडवलेलं सगळं बाहेर काढलं. तो ऐकत होता. शेवटी म्हणाला, "तुले तसं वाटत असन तं तसं," आणि फोन ठेवला. त्यानंतर त्याचा फोन नाही. एरवी दर रविवारी करतो. भाजी काय केली ते विचारतो आणि ठेवून देतो. दोन रविवार कोरडे गेले. आई गेल्यावर माहेर म्हणून मला तो एकटाच उरलेला आहे बाबा, आणि एका पंख्यापायी मी त्यालाही घालवून बसले असं वाटून मला कॉलेजात भर दुपारी रडू आलं. तरी फोन केला नाही. चूक त्याची होती ना.

त्याच दिवसांत मला बाळापूरचा कुलर सारखा आठवायला लागला. मी नववीतून दहावीत गेले होते, मे महिना. बाळापूरच्या लग्नघरातली मोटर आपल्याकडे भरायला आली होती. सकाळी ती बाकावर वीज लावून बघितली, फिरली, देऊन टाकली. दुसऱ्या दिवशी नवरदेवाचा काका ती काखेत घेऊन परत आला आणि दुकानाच्या पायरीवरूनच ओरडला, "अहो, हवा मांडवात यायची तं बाहीर चालली! पाव्हने घामानं निथळून राहिले!" आतल्या तारेची दोन टोकं उलटी जोडली गेली होती. मोटर फिरत होती, पण उलटी. पातं लावल्याशिवाय मोटर कोणत्या बाजूला फिरते हे कोण बघतं? तुम्ही ठिपका बघितला, तो शाबूत होता, आणि मग तुम्ही वळलात ते मामांवर. आपल्याकडे दहा वर्षं काम करणारे ते कारागीर, त्यांना आम्ही भावंडं मामा म्हणायचो. भर गिऱ्हाइकासमोर तुम्ही म्हणालात, "दहा वर्सं झाले, दोन टोकं वळखू येत नाईत तुले?" मामांनी मान खाली घातली. ते दोन दिवस आले आणि तिसऱ्या दिवसापासून आले नाहीत. त्या तिसऱ्या दिवशी तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसून भाकर मोडत होता, आणि आई तव्यावरून नजर न काढता म्हणाली, "टोकं जोडले तवा ते तं जेवाले गेले होते ना?" तुम्ही पुढचा तुकडा मोडलात. मी दारात उभी आहे, हातात पाण्याचा तांब्या आहे, आणि तुम्ही माझ्याकडे बघत नाही.

मामा जेवायला गेले की टोकं जोडायचं काम माझं होतं. बोटं बारीक म्हणून तुम्हीच मला ते शिकवलं होतं. बाळापूरची मोटर दिली त्याच्या आदल्या दुपारी मी तीन मोटरींची टोकं जोडली होती. बाळापूरची त्यातली होती की नव्हती, हे मला तेव्हाही माहीत नव्हतं आणि आजही नाही. पण तुम्हाला माहीत होतं, असा मला तेव्हापासून संशय आहे. मोटर उघडल्यावर जोड तुम्ही हातात घेऊन बघितला होता.

तिसऱ्या रविवारी धाकटा न सांगता आला. अकोल्याहून सकाळच्या गाडीनं, पिशवीत पाने आणि पक्कड घेऊन. "चहा नको, आंदी गाडी पाहू दे." मी बाजूला उभी राहिले, हाताची घडी घालून; हा आता काय लपवतो ते बघायला म्हणून, खोटं कशाला बोलू. त्यानं गाडी चालू केली, पाणी तापू दिलं. पंखा सुरू झाल्यावर त्यानं फाटकात खोचलेला क्लासच्या जाहिरातीचा कागद काढला आणि रेडिएटरच्या समोर धरून सोडला. कागद जाळीला चिकटायला हवा होता. तो उडून त्याच्या तोंडावर आला. पंखा हवा आत ओढत नव्हता, इंजिनाची गरम हवा पुढे फेकत होता. ही कागदाची परीक्षा बाळापूरच्या भानगडीनंतर तुम्ही दुकानात सक्तीची केली होती. मी सगळ्या तपासण्या केल्या आणि नेमकी हीच केली नाही.

त्यानं पंख्याच्या वायरी ओढून पुढे घेतल्या, चिकटपट्टी उकलली, आणि आतून दोरा निघाला. बाबा, जोडावर आधी सुती दोरा गुंडाळायचा, गाठ चपटी मारायची आणि मगच वरून पट्टी लावायची, हे तुम्ही फक्त मला शिकवलंत. धाकट्यानं दुकानात कधी काम केलं नाही, तो नुसती पट्टीच गुंडाळतो. दिवाळीच्या आवराआवरीत उंदरानं कुरतडलेल्या वायरी मी जोडल्या होत्या, दोन्ही तुकडे जुन्या कुलरच्या एकाच रंगाच्या वायरीचे, म्हणून टोकांची अदलाबदल झाली. थंडीत पंखा सुरू व्हायची वेळच कमी येते, म्हणून एप्रिलपर्यंत काही कळलं नाही. आणि खरं सांगायचं तर तो जोड मला सबंध महिनाभर आठवत होता. पण पंखा फिरतोय म्हणजे माझा जोड बरोबर, असं म्हणून मी मेकॅनिकवर, याच्यावर, तुमच्या जावयांवरसुद्धा संशय घेऊन बसले होते.

धाकट्यानं ती गाठ तळहातावर घेतली. अंगठा तिच्यावरून दोनदा फिरवला. लहानपणी दुकानाच्या उंबऱ्यावर बसून तो मला त्या गाठी मारताना तासन् तास बघायचा, मी त्याला हात लावू देत नव्हते. मला वाटलं, आता बोलेल. बोलायलाच पाहिजे, मी त्याला काय काय बोलले होते! त्यानं पकडीनं दोन्ही जोड कापले, टोकांची अदलाबदल केली, पट्टी गुंडाळली. कागद धरला. तो जाळीला घट्ट चिकटला. एवढ्यात तुमचे जावई चहा घेऊन आले आणि म्हणाले, "काय निघालं मग?" धाकटा पाने पिशवीत टाकत म्हणाला, "माह्याच हातानं झालं, भाऊजी. जानेवारीत वायरी काढल्या होत्या म्या, लावताना उलट्या लागल्या." तुमचे जावई हसले. "तरी ही म्हणतच होती." मी चहाचा कप उचलला. तोंड उघडलं असतं तर एका वाक्यात मिटलं असतं. मी साखर कमी आहे का ते विचारलं.

तुम्हीही मामांना बोललात ते मला वाचवायलाच का? तसं असेल तर मला ते नको होतं, हे मी म्हणू शकत नाही, कारण त्या दिवशी मला हायसं वाटलं होतं. पण तुम्ही दुसऱ्याला पुढे केलंत आणि हा स्वतः पुढे झाला, एवढा फरक मला कळतो. की धाकट्याला गाठ ओळखूच आली नसेल, आणि खरंच आपणच वायर काढली असं वाटत असेल? मी स्वतःला हेच पटवून बघते आहे. पटत नाही.

संध्याकाळी अकोल्याला पोचल्यावर त्याचा फोन आला. "पोचलो ताई. गाडी चालवून पाह्यली का?" मी म्हटलं, राजकमल चौकापर्यंत जाऊन आले, दिवा लागला नाही. तो म्हणाला, "बरं झालं." पण त्यानं फोन ठेवला नाही. तो वाट बघत होता असं मला वाटलं. किती वेळ ते सांगता येणार नाही, पण मला पुरेसा होता. आणि मी म्हणाले, "पुढच्या वेळी विचारल्याशिवाय हात लावू नकोस." तो म्हणाला, "नाई लावत, ताई."

हे पत्र चार दिवस झाले लिहिते आहे. यातली चूक कबूल करणारी ओळ त्याला फोनवर सांगायला एक मिनिटही लागणार नाही. तुम्हाला लिहिणं सोपं आहे, तुम्ही कुणाला सांगणार नाही.