लंकेचं गाणं

११ ऑगस्ट १९८९

गाणं झालं! सत्यजीतच्या काकांच्या भातगिरणीत, नाकातोंडात तूस घेत, शेवटचं कडवं बसवलं. मी कॅसिओवर, प्रणित ड्रमवर, सत्यजीत गिटार बडवणार आणि गाणार. पनवेलमधला पहिल्या नंबरचा रॉक ग्रुप – कारण दुसरा नाही.

शब्द माझे. निनाददादा जाफन्यात आहे, शांतिसेनेत. मे महिन्यात रजेवर आला होता तेव्हा जेवताना एवढंच म्हणाला – तिथं कोण कुणाशी लढतंय ते विचारू नकोस, एकाच गल्लीतली माणसं आहेत, आणि आम्ही मधे. त्यावरून सुचलं :

एका गल्लीची दोन टोकं,
मधे कुणाचा भाऊ उभा?

सत्यजीतला जाफना नकाशात दाखवावं लागलं. त्याला वाटलं होतं, केरळात आहे.

२० ऑगस्ट

गणपतीत वाजवायचं तर आधी मंडळाच्या अध्यक्षांना ऐकवायचं. विनायकराव, लाकडाच्या वखारीचे मालक. गाणं संपेपर्यंत कान कोरत होते. मग म्हणाले, हा जवानांचा अपमान आहे. मी सांगितलं, जवान माझा सख्खा भाऊ आहे. तर म्हणे, मग तुला जास्त कळायला हवं. निवडणुका तोंडावर आल्यात, कार्यक्रमाला वरची माणसं येणार. त्यापेक्षा चिरनेरच्या सत्याग्रहावर लिही.

बरोबर आहे. तिथले हुतात्मे जाऊन साठ वर्षं होत आली. आता कुणाला अडचणीत आणत नाहीत.

घरी बाबा म्हणाले, मोठ्यांचं ऐकावं. बाबांनी आजवर कुणाचं ऐकलं नाही, असं झालेलं नाही.

२३ ऑगस्ट

सत्यजीतने तोड काढली. लंका ठेवायची, लढाई ठेवायची – फक्त रामाची! चालही तीच. 'मधे कुणाचा भाऊ उभा'च्या जागी 'मधे रामाचा बाण उभा'. मी विचारलं, बाण उभा कसा असेल? म्हणाला, यमक जुळतंय ना. उभाला उभा. थोर कवी!

विनायकराव खूश आहेत म्हणे. प्रणितकडे बघितलं. तो उरणच्या कोळीवाड्यातला, कुणाला घाबरत नाही, तो तरी बोलेल असं वाटलं. तर म्हणाला, "माझं काय नाय. ठेका तोच हाय ना?"

कॅसिओ माझा. उचलला, रिक्षात घातला, घरी आणला.

८ सप्टेंबर

झाला कार्यक्रम, माझ्याशिवाय. मागे उभी राहून बघितला. तीन वेळा वन्समोअर. विनायकराव कपाळभर गुलाल लावून नाचले. ज्यांना आपली पलटण तिकडे कशाला गेलीय हे विचारायचं कधी सुचलं नाही, ते सगळे हात वर करून ओरडत होते – लंका जाळा, लंका जाळा.

दादा तिथे आहे!

शेजारी आई टाळ्या वाजवत होती. मी तिच्याकडे बघितल्यावर थांबली.

२ ऑक्टोबर

गाण्याची कॅसेट निघाली. एसटी स्टँडवर पानाच्या गादीवर तेच, गरब्यात तेच. सत्यजीत पेढे घेऊन आला होता. केस वाढवलेत, काळा गॉगल – घरातसुद्धा. पेढे घेतले. त्याला बस म्हटलं नाही.

३ ऑक्टोबर

पेढे बरे होते.

१२ ऑक्टोबर

दादा आला. वाळलाय. दार वाजलं की आधी भिंतीला सरकतो, मग विचारतो कोण आहे. आई दर वेळी स्वयंपाकघरात जाऊन रडते.

संध्याकाळी त्याला माझं गाणं म्हणून दाखवलं. खरं, पहिलं. कॅसिओचा आवाज बारीक ठेवला. त्याने पूर्ण ऐकलं. संपल्यावर उठून गॅलरीत गेला, बराच वेळ आलाच नाही.

यालाच म्हणतात ऐकणं! उद्या सत्यजीतच्या तोंडावर सांगणार. विनायकरावांच्यासुद्धा. ज्याच्यावर आहे त्याला पोचलं. तुमचे वन्समोअर घाला चुलीत.

१३ ऑक्टोबर

दादा सकाळी स्टँडवरून कॅसेट घेऊन आला. रामाची. दुपारभर तीच लावून बसला. मग कॅसिओ काढून माझ्यासमोर ठेवला, म्हणाला हे वाजव ना.

माझं वाजवू का, विचारलं.

"ते नको, रेवा. ह्यात निदान आपण जिंकतो."

वाजवलं. तो टेबलावर बोटांनी ठेका धरत होता. तो बास म्हणेपर्यंत वाजवत राहिले.