विहिरीजवळची बांधी

फुलचूर, जुलै

आई, तुझ्या अलकाचा प्रेमाचा जयभीम.

मी बरी आहे. होस्टेलच्या मेसचा भातही आता गोड लागतो.

पुढच्या उन्हाळ्यात नर्सिंगची सीईटी आहे. अभ्यासाच्या पहिल्या दिवशी सगळी पुस्तकं समोर मांडली अन् घाबरले. मग धानाच्या रोवण्यातलं तुझं बोलणं आठवलं, "पुरं वावर कायले पाहून राहिली? पायाखालची बांधी रोव." आता एका वेळी एकच धडा घेते. तो झाला की पुढचा.

तुझी कंबर कशी आहे? रोवण्याला बाया मिळाल्या का?

विहिरीजवळची लहान बांधी माझ्यासाठी ठेवजो. रविवारी येईन, रोवीन अन् सांजच्या बसनं परतेन. अभ्यास बुडणार नाही. फोन केला असता तर तू येऊ नको म्हणाली असतीस, म्हणून चिठ्ठी लिहून राहिली.

तुझीच,
अलका